क्लब नावाची अमानत

२०२१चा रमजान आठवतो? कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. इफ्तार घरातल्या घरात, नमाजही घरातच. त्याच रमजानमध्ये, २६ एप्रिलला, इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा फुटबॉल सामना होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, पण तिथे सूर्य मावळत होता. लेस्टरचा वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाते हे दोन्ही खेळाडू रोजा ठेवून मैदानात उतरले होते. साधारण अर्धा तास खेळ झाला. चेंडू पॅलेसचा गोलरक्षक व्हिसेंते ग्वाइता याच्यापाशी आला आणि गोलकिक मारायची सोडून तो काही क्षण थांबला. तेवढ्या वेळात दोघांनी मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. दोन्ही संघांनी आणि पंचांनी हे आधीच ठरवले होते. फोफानाने नंतर सगळ्यांचे जाहीर आभार मानले.

ही बातमी जगभर पोहोचली. पण तिच्या आठच दिवस आधी, १८ एप्रिलच्या रविवारी रात्री, इंग्लिश फुटबॉलमध्ये एक वेगळीच गोष्ट घडली होती. ती आज सांगायची आहे, कारण तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो: फुटबॉलचा क्लब असतो कुणाचा?

त्या रात्री युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी 'सुपर लीग' नावाची स्वतंत्र स्पर्धा जाहीर केली. इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन, इटलीचे तीन. मोठ्या बँकेचे पाठबळ होते आणि संस्थापक क्लबांची जागा कायमची राखीव होती. आपल्याला यात फारसे वावगे वाटणार नाही. आयपीएलमध्ये एखादा संघ तळाला गेला तरी पुढच्या वर्षी असतोच. युरोपातल्या फुटबॉलचा पाया मात्र वेगळा आहे. तिथे वरच्या लीगमध्ये तळाला राहिलेले संघ खालच्या लीगमध्ये उतरतात आणि खालचे वर चढतात. गल्लीतला संघ कधीतरी सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचू शकतो, या आशेवर सारा डोलारा उभा आहे. बारा क्लबांना ही शिडीच काढून घ्यायची होती.

कोरोनामुळे मैदाने प्रेक्षकांविना होती. तरीही मंगळवारी संध्याकाळी लंडनमध्ये चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाबाहेर चाहते जमले आणि त्यांनी आपल्याच संघाची बस अडवली. क्लबचा जुना गोलरक्षक पेत्र चेक बाहेर येऊन त्यांना विनवू लागला. सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाला. त्याच रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. जगातल्या बड्या धनिकांचा बेत अठ्ठेचाळीस तासांत कोसळला होता.

चाहते इतके का पेटले, हे समजायला क्लबचा हिशेब थोडा पाहावा लागतो. क्लबला पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो: तिकिटे, टीव्हीच्या प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजक. जाण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे खेळाडूंचे पगार. वरच्या लीगमधून खाली उतरले की टीव्हीचा पैसा एकदम आटतो. म्हणून खाली जाण्याच्या भीतीने आणि वर जाण्याच्या हव्यासाने क्लब ऐपतीबाहेर खर्च करतात. मग कर्ज होते आणि कुणीतरी मालक 'तारणहार' म्हणून येतो. कधी तो खरोखर तारतो, कधी बुडवतो. मँचेस्टरजवळचा बरी हा १८८५ साली स्थापन झालेला क्लब. त्याने एफए कप दोनदा जिंकला होता. २०१८च्या डिसेंबरात तो एका पौंडाला विकला गेला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये आर्थिक दुरवस्थेमुळे लीगमधून काढून टाकण्यात आला.

या धंद्यातले गिऱ्हाईकही निराळे असते. साबण महागला तर आपण दुसरा घेतो. पण आजोबांनी बापाला आणि बापाने मुलाला ज्या मैदानावर नेले, तो क्लब महागला म्हणून शेजारचा क्लब कोणी धरत नाही. ही निष्ठा मालकाच्या फार सोयीची असते. २०१६मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले, तेव्हा चाहत्यांनी यावर एक साधे उत्तर शोधले. संघ दोन गोलांनी पुढे असताना ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक शांतपणे उठून मैदानाबाहेर निघून गेले. लिव्हरपूलची आघाडी गेली, सामना २-२ बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली.

पण क्लबच उचलून नेला तर? दक्षिण लंडनमधल्या विम्बल्डनच्या लोकांवर हीच वेळ आली. विम्बल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते. त्याच उपनगरात १८८९ साली एक फुटबॉल क्लब सुरू झाला होता. कित्येक दशके तो हौशी आणि खालच्या लीगमध्ये खेळला, १९७७मध्ये मुख्य लीगमध्ये आला आणि अवघ्या अकरा वर्षांत, १९८८ साली, एफए कपच्या अंतिम सामन्यात बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवून बसला. गोलरक्षक डेव्ह बेसंटने त्या सामन्यात पेनल्टी अडवली होती.

हे वैभव टिकले नाही. १९९१मध्ये क्लबने 'प्लाउ लेन' हे आपले जुने मैदान सोडले आणि दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून तो खेळू लागला. पुढे मालक बदलले. नव्या मालकांनी ठरवले की क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर, मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात न्यायचा. मे २००२मध्ये तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने त्याला परवानगी दिली. कागदोपत्री सारे कायदेशीर होते. शंभराहून अधिक वर्षांचा क्लब दुकानासारखा एका गावातून दुसऱ्या गावात निघाला.

चाहत्यांनी रडारड केली असेलच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. काही आठवड्यांत त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू नव्हते, म्हणून विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर निवड चाचणी ठेवली. तिला दोनशेहून जास्त जण आले. पहिला मैत्रीपूर्ण सामना ते ४-० असे हरले, पण तो पाहायला साडेचार हजारांहून जास्त लोक आले होते. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून झाली. अशा लीगमध्ये सामन्याला शे-दीडशे माणसे जमली तरी पुष्कळ; यांच्याकडे हजारोंनी येत. २००३ ते २००४ या काळात हा संघ लीगमध्ये सलग ७८ सामने हरला नाही. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून २०११मध्ये तो मुख्य लीगमध्ये परतला. मिल्टन कीन्सचा संघही तिथेच होता. २०१८मध्ये तर तो घसरून या नव्या क्लबच्या खालच्या पायरीवर गेला.

एक गोष्ट अजून बाकी होती: घर. जुन्या प्लाउ लेनवर केव्हाच इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथून अगदी जवळ, त्याच रस्त्यावर, क्लबने नवे मैदान बांधायला घेतले. पैसे कमी पडले तेव्हा बाहेरून बडा गुंतवणूकदार आणून क्लबची सत्ता त्याला द्यायची की काय, असा पेच पडला. चाहत्यांनी रोखे काढले आणि आपापसातच पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०२०मध्ये मैदान सुरू झाले. दैव पाहा, कोरोनामुळे त्या पहिल्या सामन्याला चाहत्यांनाच प्रवेश नव्हता.

हा क्लब ज्यांच्या ताब्यात आहे त्या संस्थेचे नाव 'डॉन्स ट्रस्ट'. ट्रस्ट हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. देवस्थानाला विश्वस्त असतात, दर्ग्याला मुतवल्ली असतो. ते सांभाळतात, हिशेब ठेवतात, दुरुस्ती करतात. पण विकून टाकत नाहीत, कारण वस्तू त्यांची नसते. ती आधीच्यांनी सोपवलेली आणि पुढच्यांना द्यायची असते. उर्दूत तिला अमानत म्हणतात. विम्बल्डनच्या लोकांना आपला क्लब अमानत वाटत होता, मालकांना तो मालमत्ता वाटत होता. सारे भांडण एवढेच होते.

जर्मनीने ही भावना नियमात बसवली आहे. तिथे क्लब हे मुळात सभासदांचे. १९९८मध्ये त्यांना व्यावसायिक कंपनी काढायची मुभा मिळाली, तेव्हाच अट घातली गेली की पन्नास टक्के अधिक एक इतकी मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. म्हणूनच डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे पंचवीस हजार माणसे उभी राहून, परवडणाऱ्या तिकिटात सामना पाहतात. २०२४च्या सुरुवातीला लीगच्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा बेत होता. चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले. फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडून दिला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सभासदांच्या हाती सत्ता असली की सारे आबादीआबाद होते, असे नाही. जर्मनीत २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षे बायर्न म्युनिकच विजेता ठरला. ही साखळी २०२४मध्ये तोडली ती लेव्हरकुसेनने, म्हणजे औषध कंपनीच्या मालकीच्या आणि त्या नियमातून खास सूट मिळालेल्या क्लबने. एएफसी विम्बल्डनलाही पैशांची चणचण सतत असते. तो २०२२मध्ये एक पायरी खाली घसरला, २०२५मध्ये पुन्हा वर आला. आणि चाहते म्हणजे सगळे संत नव्हेत. दंगे, मारामाऱ्या, काळ्या खेळाडूंना उद्देशून केलेली शेरेबाजी, हेही स्टँडमधूनच आले आहे. अमानत सांभाळायची तर ती मालकाइतकीच चाहत्यालाही जपावी लागते.

हे सगळे दूर देशीचे वाटेल, म्हणून पुण्याची आठवण. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. बालेवाडीच्या मैदानावर केशरी जर्सी घातलेली 'ऑरेंज आर्मी' ढोल घेऊन यायची. २०१७-१८च्या हंगामात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९मध्ये संघ बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादचा संघ मार्च २०२२मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, विजेताही ठरला. पण २०२५मध्ये तोही दिल्लीला हलला. पुणे, हैदराबाद, दिल्ली: अकरा वर्षांत तीन शहरे. विम्बल्डनमध्ये यावरून नवा क्लब जन्माला आला. आपल्याकडे ढोल घरी गेले. दोष प्रेमाचा नव्हता. पाच वर्षांत आजोबा-नातवाची परंपरा तयार होत नाही, आणि चाहत्याला विचारायचे असते हे आपल्या लीगच्या रचनेतच नाही.

इंग्लंड मात्र सुपर लीगच्या त्या दोन दिवसांतून काही शिकले. सरकारने चौकशी नेमली आणि जुलै २०२५मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा झाला. त्याने स्वतंत्र नियामक आणला. आता मालकाला मनाला येईल तसे मैदान विकता किंवा क्लब हलवता येणार नाही.

शेवटी पुन्हा स्टॅमफर्ड ब्रिज. या मैदानाची जमीन आणि 'चेल्सी फुटबॉल क्लब' हे नाव मालकाच्या हाती नाही. १९९०च्या दशकापासून ते चाहत्यांनी भाग घेऊन उभ्या केलेल्या संस्थेकडे आहे. संघ दुसरीकडे न्यायचा असेल, तर तिच्या परवानगीवाचून हे नाव सोबत नेता येत नाही. २०११मध्ये त्या वेळच्या अब्जाधीश मालकाने जमीन परत मागितली. पुरेशी मते मिळाली नाहीत. पुढे २०२२मध्ये तो मालक गेला, नवे आले. मैदान होते तिथेच राहिले.

मार्च २०२३मध्ये, रमजानच्या पहिल्या रविवारी, त्याच मैदानाच्या कडेला चटया अंथरल्या गेल्या. प्रीमियर लीगच्या मैदानावरची ती पहिली खुली इफ्तार. अजान झाली आणि सर्व धर्मांचे शेजारी ओळीने बसून खजूर हातात घेऊन थांबले. दोन वर्षांपूर्वी चाहत्यांनी बस अडवली होती ती याच मैदानाच्या दारात. त्या संध्याकाळी ते दार सगळ्यांसाठी उघडे होते.