विजयनगरच्या घरी काय भेट द्याल?

म्हैसूरच्या विजयनगरात राहणाऱ्या लेकीला किंवा भावाला दसरा-दिवाळीत उपकरण द्यायचं असेल, तर आधी त्यांचं वीजबिल विचारा. म्हैसूरला वीज पुरवणाऱ्या चामुंडेश्वरी वीज कंपनीचं मुख्यालय याच भागात आहे. कर्नाटकच्या 2023 च्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंतची वीज मोफत मिळते. प्रत्येक घराची मर्यादा मात्र 2022-23 मधल्या सरासरी वापराहून थोडी जास्त, अशी ठरते. वरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात आणि वापर 200 च्या पुढे गेला की पूर्ण बिल! 2000 वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तरी महिन्याला 30 युनिट जातात. तो साधारण 9 अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे 6 अँपिअरच्या सॉकेटला लावायचा नाही. 16 अँपिअरचाच हवा. जुन्या घरात तो आहे का, हे खरेदीआधी बघून घ्या.

टीव्ही घ्यायचा तर 32 इंचांवरच्या संचांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. स्टार लेबलवर तारे मोजाल तसं वर्षही वाचा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात.

केर काढणारा रोबो? दारात रोज रांगोळी आणि खोल्यांना उंच उंबरठे असतील, तर नकोच.

भेट पुण्याहून पाठवत असाल, तर किंमत झाकायच्या नादात बिल काढून ठेवू नका. वॉरंटीसाठी ते लागतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : 1915.