मीटरभर कापडाची मजुरी

भुकूमच्या शाळेतल्या एखाद्या गणवेशाचे कापड भिंगाखाली धरू. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. एका इंचात आडवे धागे किती, ते मुलांना मोजू द्या. यंत्रमागाच्या धंद्यात या संख्येला ‘पिक’ म्हणतात. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तिथल्या कामगाराची मजुरी पिक आणि मीटर यांवर ठरते.

आता हिशेब करू. इंचाला ५२ पिक असतील, तर मीटरभर कापडात सुमारे २,०५० आडवे धागे येतात. मिनिटाला १२० धागे टाकणाऱ्या मागाला त्यासाठी १७ मिनिटे लागतात. ६० पिकाला जवळजवळ २०. म्हणून दाट कापडाचा दर जास्त हवा.

पण हा हिशेब न थांबणाऱ्या मागाचा झाला. सूत कच्चे असले की धागा तुटतो, माग थांबतो आणि दोष नसताना कामगाराची मजुरी बुडते. कापड खराब निघाले, तर त्यासाठी खर्चलेला कापूस, वीज, पाणी हेही वाया जाते. म्हणजे चांगल्या सुताने मजुरी वाढते आणि नासाडीही घटते. मग थांबलेल्या मागाच्या वेळेची मजुरी कोणी द्यावी: मागवाल्याने, व्यापाऱ्याने की कपडा घालणाऱ्या आपण? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा.