गंजलेली गाडी आणि तासांचा हिशेब



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत व गावच्या वाचनालयात झाले. त्यात आजचा विषय असा, की जुनी गंजलेली स्पोर्ट्स मोटार दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे की नाही, हे कसे ठरवावे. कामगारांच्या माणसाला हौशी लोकांच्या खेळण्याशी काय कर्तव्य, असे कुणाला वाटेल. कर्तव्य आहे, ते कसे, हे आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यातला तंटा आमच्याकडे आला. एका गिऱ्हाइकाची एम.जी.बी. जातीची लाल, बिनटपाची गाडी तेथे आली होती. 'आठ दिवसांत पत्राकाम करून देतो' असे मालकाने सांगितले होते, आणि पाचवा आठवडा चालू होता. मालक म्हणे, वेल्डर वेळ काढतो. वेल्डर म्हणे, जोड द्यायला पत्रा शिल्लक आहे कुठे? आम्ही गेलो मजुरीसाठी भांडायला. त्या वेल्डरने दाराखालचा कापलेला तुकडा उचलून आमच्या हातावर ठेवला. बाहेरून रंग तकतकीत आणि आतून नुसता तपकिरी भुगा. वरून कीर्तन, आतून तमाशा! त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे विद्यार्थी झालो.

प्रथम गाडीची ओळख. एम.जी.बी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झाली. तिच्या भावंडांसह एकूण गाड्या पाच लाखांहून अधिक निघाल्या. तिचे इंजिन १७९८ सी.सी.चे, आणि ते आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या ॲम्बॅसडर गाडीत वर्षानुवर्षे जे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन होते, ते याच घराण्यातले. म्हणजे असल्या इंजिनाला घाबरण्याचे कारण नाही. बोअर करावे, पिस्टन-रिंगा बदलाव्यात, की ते पुन्हा चालते. गाद्या नव्या शिवता येतात, वायरिंग नवे ओढता येते, क्रोमचा मुलामा पुन्हा चढवता येतो. खरा प्रश्न असतो तो सांगाड्याचा.

जुन्या पद्धतीच्या मोटारींना खाली जाड लोखंडी चौकट असे व तिच्यावर पत्र्याची पेटी बसवीत. पेटी सडली तरी चौकट भार पेलत असे. एम.जी.बी.ला अशी वेगळी चौकट नाही. वाकवलेले पातळ पत्रे जोडून केलेली पेटी हीच तिची चौकट आहे. शिवाय उघड्या गाडीला टप नाही. मग पुढची चाके आणि मागची चाके यांमधला भार मुख्यतः कोण पेलतो? दोन्ही दारांच्या खाली लांबीने जाणाऱ्या पोकळ पेट्या. कारागीर त्यांना सिल म्हणतात. एकेक सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा, मधला, आतला आणि तळाला लांबवर धावणारी पन्हळ, असे निरनिराळे पत्रे एकत्र जोडून ती बनते. पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त बाहेरचा.

आता गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. मिठाचे पाणी असेल तर हे काम फार वेगाने चालते. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकांनी उडवलेला तो खारट चिखल सिलच्या पोकळीत शिरतो, पाणी निथळण्याची भोके बुजतात आणि ओल महिनोन्‌महिने आत राहते. ॲल्युमिनियमवर चढणारा थर खालच्या धातूला जपतो; गंज तसे करीत नाही. तो भुसभुशीत असतो, ओल धरतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो सांधा फुगून उकलतो. तेव्हा बाहेर रंगाला रुपयाएवढा फोड दिसला, तर तो रोगाचा आरंभ समजू नये. रोग आतून बाहेर आलेला असतो.

म्हणून गाडी पाहायला जाताना रंगाकडे पाहू नये. खिशात एक लोहचुंबक असावा. डेंटिंगवाले खड्डा भरायला जी लांबी वापरतात, तिला चुंबक चिकटत नाही. दारे बंद करून मागच्या कडेची फट पाहावी. वर अरुंद व खाली रुंद असेल तर सांगाडा खचला आहे असा संशय घ्यावा. मग जॅक लावून एक बाजू किंचित उचलावी. दार घट्ट बसले, उघडेना, तर सिलमध्ये ताकद उरलेली नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये. खाली भक्कम घोडे लावावेत. मग पायाखालची तळपाटी, मागच्या स्प्रिंगा जेथे अडकवतात त्या जागा आणि सीटच्या मागची बॅटरीची घरे पाहावीत. जुन्या एम.जी.बी.त सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तेथे बसत, आणि तेजाब सांडून ती जागा खाल्लेली असे. दाराचा पत्रा किंवा पुढचा मडगार्ड सडला असेल तर काळजी थोडी. पुढचा मडगार्ड बोल्टांनी बसवलेला असतो. काढला, दुसरा लावला.

ब्रिटनमधील वाहन-तपासणीचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चाकांचा व स्प्रिंगांचा आधार, सुकाणू, सीटचे पट्टे अशा जिवाशी गाठ असलेल्या वस्तू जेथे बसवल्या आहेत, तेथून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंजून दुबळा झाला असेल, तर गाडी नापास. २० मे २०१८ पासून तेथे ४० वर्षांवरच्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे. पण सूट तपासणीपुरती आहे. धोकादायक गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहेच.

आता हिशेबाकडे वळू. बहुतेक लोक सुट्या भागांच्या किमतींची बेरीज करतात, आणि येथेच फसतात. नव्या सिलचा पत्रा महाग नाही. तो बसवायला लागणारे तास महाग आहेत. नीट काम करायचे तर पुढचा मडगार्ड उतरवावा लागतो, मागच्या मडगार्डाचा खालचा भाग कापावा लागतो. त्याआधी दाराच्या पोकळीत आडवे लोखंड झाळून सांगाडा बांधून घ्यावा लागतो, नाहीतर सिल कापताच गाडी वाकते. एका वेळी एकच बाजू घ्यायची आणि दर टप्प्याला दार लावून पाहायचे. याउलट लबाडीचा मार्ग असा, की सडक्या सिलवर नवा पत्रा झाकून चार टाके मारायचे, लांबी फासायची आणि रंग द्यायचा. हे काम लवकर होते आणि स्वस्त पडते. अपघातात ती सिल कागदासारखी दुमडेल, हे तेवढे बिलात लिहिलेले नसते.

मग निर्णय कसा घ्यावा? आमच्या मते तीन प्रश्न पुरेत. गंज भार पेलणाऱ्या जागी आहे की नुसत्या आवरणाला? काम करणारे हात कुणाचे, आणि त्यांचे तास किती? गाडी विकायची आहे की चालवायची? विकण्यासाठी म्हणाल, तर पाच लाख निघालेली गाडी दुर्मीळ नव्हे. तिचे भाग मिळतात, पण तिला किंमतही बेताचीच येते. ज्याग्वार ई-टाईपसारख्या फार मोलाच्या गाडीला जो खर्च झेपतो, तो हिला झेपत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण ज्याला स्वतः वेल्डिंग येते, अगर जो त्या तासांचे पैसे आनंदाने खर्ची टाकील, त्याने जरूर करावे. आवडीचा खर्च हा तोटा नव्हे. मात्र तो डोळे उघडे ठेवून केलेला असावा.

सांगाडा पारच गेला असेल तर आणखी दोन वाटा आहेत. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे गोळा करून एम.जी.बी.चे संपूर्ण नवे सांगाडे काढले. जुने इंजिन व सामान त्यात बसवता येते. ती गाडी मग जुनी की नवी, हा वाद ज्याने त्याने आपल्या मनाशी मिटवावा. दुसरी वाट गाडी मोडून सुटे भाग विकण्याची. त्यात पाप नाही. एक मेलेली गाडी चार गाड्यांना जगवते.

त्या लाल गाडीचे काय झाले? गिऱ्हाईक एके दिवशी स्वतः आले. कापलेली सिल पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हे मला पहिल्या दिवशी सांगितले असते तर मी कामच काढले नसते. आता अर्धी कापलेली गाडी घेणार कोण?' त्यांचे म्हणणे खरे होते. गंजलेली पण अखंड गाडी विकत घेणारा भेटतो. अर्धवट उघडलेली कुणी हात लावून पाहत नाही. वेल्डरला त्याची मजुरी आम्ही मिळवून दिली. गाडी मात्र ताडपत्रीखाली तशीच राहिली. दोष वेल्डरचा नव्हता आणि गिऱ्हाइकाचाही नव्हता. कामाचे तास न मोजता दिलेल्या शब्दाचा तो दोष होता.

श्रोतेहो, ॲबिंग्डनचा कारखाना बंद करण्याचे १० सप्टेंबर १९७९ रोजी जाहीर झाले व पुढच्या वर्षी तो बंद पडला. ज्या हातांनी त्या गाड्या जोडल्या, ते त्या फाटकातून कायमचे बाहेर पडले. त्यांच्या कामातले जे उरले आहे ते वाचवायचे की मोडायचे, हे ठरवताना एवढेच करावे: कापण्यापूर्वी आत पाहावे, आणि अंदाज मालकाला विचारण्याआधी ज्याच्या हातात वेल्डिंगची पिस्तूल असते त्याला विचारावा.