दीर्घकालीन प्रणालीचे नियमबाह्य उन्नयन आणि वर्णानुक्रमाचा प्रश्न

कोशकार्यातील चिठ्ठ्यांच्या पेट्या जाऊन त्यांची जागा सर्व्हरवरील डेटाबेसने घेतली, त्यास आता बराच काळ लोटला. चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावण्याचे काम पूर्वी साहाय्यक करीत. आज ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे आहे. ते ती कोणत्या नियमाने करते आणि तो नियम केव्हा बदलतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उबुंटू ह्या प्रणालीचे नियमबाह्य उन्नयन, म्हणजे व्यवहारातले ‘अपग्रेड’, केल्यानंतर तो एकाएकी निकडीचा होऊन बसतो.

उबुंटूची दीर्घकालीन आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते. (२००६ ची पहिलीच तेवढी जूनपर्यंत रेंगाळली.) नावातील अंक वर्ष व महिना दर्शवितात, २०.०४ म्हणजे एप्रिल २०२०. तिला सर्वसाधारण आधार ५ वर्षांचा असतो, मधल्या आवृत्त्यांना अवघा ९ महिन्यांचा. आधार म्हणजे नवनवे प्रोग्राम मिळत राहणे, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. प्रोग्राम बहुतांशी जेथल्या तेथे गोठविलेले असतात आणि दोषांची दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत आणून बसविली जाते. जुनेपणा हाच येथे कराराचा भाग होय, आणि संशोधकाचा धीर सुटतो तो नेमका ह्याच ठिकाणी.

धीर सुटल्यावर जे मार्ग चोखाळले जातात, त्या सर्वांची जोखीम सारखी नाही. उबुंटू स्वतः पुढील दीर्घकालीन आवृत्तीचे आमंत्रण देते ते त्या आवृत्तीचा पहिला सुधारित संच निघाल्यावर, म्हणजे बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. उन्नयनाच्या आज्ञेला ‘डी’ हा पर्याय जोडून त्यापूर्वीच पुढे जाता येते. ही केवळ घाई झाली. यंत्र अखेर त्याच अधिकृत भांडारास जोडले जाते व त्याला पुढील अपडेट नेहमीप्रमाणे मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे भांडारांच्या यादीत जुन्या आवृत्तीचे सांकेतिक नाव खोडून नवे लिहिणे. गंमत अशी की, डेबियन ह्या उबुंटूच्या मूळ घराण्यात हीच रीत अधिकृत आहे. उबुंटूत मात्र उन्नयनाचा स्वतंत्र प्रोग्राम आहे. तो परकी भांडारे तात्पुरती बंद करतो, जागा तपासतो, कालबाह्य पॅकेजे काढतो. यादी हाताने बदलली की ही सारी काळजी गळून पडते. तिसरा मार्ग म्हणजे जुनी प्रणाली तशीच ठेवून नव्या आवृत्तीतून एखादेच पॅकेज उचलणे. तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो, आणि घात करतो तो बहुधा तोच.

ह्याचे एक कारण आवृत्त्यांच्या क्रमवारीत आहे. ‘ॲप्ट’ हा व्यवस्थापक दोन आवृत्त्यांतील मोठी कोणती एवढेच पाहतो आणि विशेष आज्ञेवाचून मोठीवरून लहानीकडे येत नाही. बाहेरून १४.२ बसविले आणि अधिकृत भांडारात सुरक्षादोष दुरुस्त करून १२.६ आले, तर ती दुरुस्ती त्या यंत्रावर येणारच नाही. आणि ती आली नाही, असे कोणी सांगणारही नाही. डेबियनच्या अधिकृत ‘बॅकपोर्ट’ पॅकेजांत ह्यावर सुंदर तोड आहे. त्यांच्या आवृत्तिक्रमांकाच्या शेवटी तरंगचिन्ह जोडतात. क्रमवारीच्या नियमात हे चिन्ह काहीच नसण्याच्याही आधी येते, म्हणून चिन्हांकित आवृत्ती चिन्हरहित मूळ आवृत्तीहून लहान ठरते व पुढील उन्नयनात आपोआप बाजूस सरते. शून्याहूनही लघु असा हा वर्ण व्याकरणाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १८.०४ ह्या आवृत्तीत ‘जीलिबसी’ ह्या मूलभूत ग्रंथालयाची २.२७ ही आवृत्ती होती, २०.०४ मध्ये २.३१. मधल्या २.२८ मध्ये, ऑगस्ट २०१८ साली, वर्णानुक्रमाची सारणी आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या नव्या आवृत्तीनुसार आमूलाग्र बदलली. अमेरिकन इंग्रजीच्या नियमाने पूर्वी ‘११’ हे ‘१-१’ च्या आधी येई (मूळ उदाहरण रोमन अंकांचे आहे); नंतर ते उलट झाले. समजा, १८.०४ वर २०.०४ मधून एखादे पॅकेज आणले आणि त्याला नवे जीलिबसी लागत असले, तर तेही सोबत येते. पोस्टग्रेस डेटाबेस स्वतःचा अनुक्रम बहुधा ह्याच ग्रंथालयाकडून घेतो. त्याचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले आणि शोध मात्र नव्या क्रमाने, अशी स्थिती सेवा पुन्हा सुरू होताच उद्भवते. शोध चुकीच्या फांदीवर उतरतो. शब्द तक्त्यात असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळते. एकच नोंद दोनदा न येऊ देणारे बंधनही त्याच इंडेक्सवर विसंबून असल्याने तेच शीर्षपद दुसऱ्यांदा निमूटपणे नोंदले जाते. त्रुटीचा संदेश उमटत नाही. हा बदल अधिकृत उन्नयनातही होतोच. परंतु तो ठरलेल्या दिवशी, अपेक्षित असताना होतो. पोस्टग्रेसची १५ वी व पुढील आवृत्ती असा फरक ओळखून इशारा देते, १८.०४ सोबत आलेली १० वी देत नसे.

सारणी टाळून केवळ युनिकोडच्या संकेतांकांनी क्रम लावला, तर तो कधी बदलणार नाही हे खरे. परंतु संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे बसतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. स्थैर्य हवे तर ‘ळ’ चे स्थान सोडावे लागते, आणि ‘ळ’ चे स्थान हवे तर सारणीवर व तिच्या आवृत्तीवर नजर ठेवावी लागते. कोशाच्या दृष्टीने दुसरा पर्यायच स्वीकारार्ह ठरतो.

ज्या यंत्रावर असे पॅकेज आधीच आले आहे, तेथे प्रथम डेटाबेसची प्रत काढावी, दुबार शीर्षपदे इंडेक्सचा आधार न घेता शोधून काढावीत, आणि मगच सर्व मजकुरी इंडेक्स नव्याने बांधावेत. दुबार नोंदी राहिल्या तर ही बांधणी अर्ध्यावर अडते. नवा प्रोग्राम हवाच असेल, तर तो कंटेनरमध्ये चालवावा. कंटेनर आपले जीलिबसी स्वतःबरोबर आणतो. यजमान यंत्राचे जसेच्या तसे राहते.