एक मशीन, चार कामं

पुणे, नारायण पेठ, 1994. लग्नसराई आणि दिवाळी अंक दोन्ही लांब आहेत, म्हणून हाताशी पुस्तकाचं काम आहे.

सकाळी 9.15. अक्षरजुळणी करणारी ताई मशीन चालू करते. 386, चार एमबी मेमरी. विंडोज 3.1 चालू होईपर्यंत माऊसची गोळी काढून पुसून होते.

9.30. पेजमेकरमध्ये मॅटर. पैसे पानामागे मिळतात, म्हणून बोटं थांबत नाहीत.

11.00. बारा पानं ट्रेसिंग कागदावर छापायची. प्रिंट मॅनेजरमध्ये छपाईचा अग्रक्रम तीन तऱ्हेनं ठरवता येतो: कमी, मध्यम, जास्त. ती 'कमी' ठेवते. जास्त ठेवला तर टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उशिरा उमटतं. प्रोसेसर एकच, एका क्षणी काम एकाचंच. विंडोजचा प्रोग्राम आपणहून थांबून 'माझ्यासाठी काही निरोप?' असं विचारतो, तेव्हाच दुसऱ्याची पाळी येते. त्यानं विचारलंच नाही, तर बाकीचे ताटकळतात.

ट्रेसिंग कागद प्रिंटरमध्ये एकेक करून हातानंच घालावा लागतो. उष्णतेनं कागद वळतो, अडकतो. वाया गेलेल्या कागदाचे पैसे तिच्या हिशेबातून जातात. दर पानाला उठायचं, परत बसून ओळ शोधायची.

1.30. डबा. जड स्कॅनिंग तिनं मुद्दाम या वेळेसाठी राखलंय.

3.45. "ताई, बिलं काढता का?"

"लावते काका, टाइपिंग चालू ठेवून."

बिलांचा प्रोग्राम डॉसचा, जुना. गंमत अशी की त्याला पाळी मागावी लागत नाही. 386 वर विंडोज डॉसच्या खिडकीला ठरलेला वेळ आपणच कापून देतं. विंडोजचे सगळे प्रोग्राम मात्र मिळून एकाच वाट्यात. मला डॉसची ही ठरल्या वेळेची वाटणी जास्त न्यायाची वाटते.

5.20. स्कॅनरचा प्रोग्राम अडकतो. वाळूचं घड्याळ जात नाही. पेजमेकरही गप्प. कंट्रोल-आल्ट-डिलीट. निळा पडदा. एंटर दाबून अडकलेला प्रोग्राम बंद होतो. पण आता मशीनवर भरवसा नाही, म्हणून सगळंच नव्यानं चालू. दर परिच्छेदाला सेव्ह करायची सवय आहे, तरी सात ओळी गेल्या. त्या फुकट पुन्हा टाइप करायच्या.

7.30. फाइल फ्लॉपीवर. फ्लॉपी फिरते तोवर दुसरं काहीच हलत नाही, म्हणून ती वही ओढते: पानं 14, ट्रेसिंग वाया 2.