वाढीव वेळ म्हणजे वाढीव गुण नव्हेत

नीट, जेईई, एमएचटी-सीईटीचे अर्ज निघाले की दिव्यांग मुलांच्या घरी पहिला प्रश्न येतो, 'प्रमाणपत्रावर टक्के किती?' आकडा चाळीसच्या खाली असला की लेखनिक आणि वाढीव वेळ यांचा विषयच संपतो. 'आपण त्यात बसत नाही,' म्हणून पालक गप्प बसतात. ही समजूत चुकीची आहे आणि ती फार महागात पडते.

चाळीस टक्क्यांची अट आरक्षणाची आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी ती लागते. परीक्षा देताना मिळणारी सोय हा निराळा हक्क आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. त्या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांचा आग्रह धरता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने, दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी पण लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

'एक तास जास्त म्हणजे बाकीच्या मुलांवर अन्यायच की!' हे तर चांगली शिकलेली माणसेही म्हणतात. नियम ताशी किमान २० मिनिटांचा आहे, म्हणून तीन तासांच्या पेपरला एक तास. तो कुठे जातो ते पाहा. डोळस मूल प्रश्नावरून पुन्हा नजर फिरवते; अंध मुलाला तोच प्रश्न वाचणाऱ्याकडून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकावा लागतो. आलेख असेल तर त्याचे वर्णन ऐकायचे, ते मनात उभे करायचे आणि मग गणिताला हात घालायचा. कच्चे काम कागदावर करता येत नसेल तर प्रत्येक पायरी लक्षात ठेवायची किंवा सांगून लिहून घ्यायची. तास त्यातच सरतो. प्रश्नपत्रिका तीच आणि गुणदानाचे नियमही तेच. लेखनिक न घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही हा वेळ मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

लेखनिकच पेपर सोडवतो, हा आरोप तर त्या मुलांच्या मेहनतीचा अपमान आहे. २०१८ च्या केंद्रीय सूचनांतही स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावे, अशी अट होती. उत्तर सांगायचे काम उमेदवाराचेच.

'केंद्रावर गेल्यावर बघू' हे मात्र कधीही करू नका. बारावीला बोर्डाने दिलेली सवलत प्रवेश परीक्षेला आपोआप लागू होत नाही. अर्जातच तशी नोंद करावी लागते. २०२१ च्या नीटमध्ये लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा तास केंद्रावर मिळाला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना नियम माहीत नसले तर त्याची किंमत मूल मोजते, ती अशी.

आणखी एक गैरसमज, 'दिव्यांगत्व चाळीसच्या वर असले की मेडिकलचे दार बंद.' तसेही नाही. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ टक्केवारीवरून प्रवेश नाकारता येत नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने पाहिले पाहिजे आणि नकार दिला तर कारणे नोंदवली पाहिजेत.

पालकांनो, अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थी सोडले, तर लेखनिकासाठी 'लिहिण्यात अडचण' असल्याचे वेगळे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून ते वेळेत घ्या. परीक्षेच्या दिवशी नियमांची छापील प्रत जवळ ठेवा, आणि सोय नाकारली गेलीच तर त्याचे कारण तिथल्या तिथे लेखी मागा.