नाव तेच, गाव निराळे

रायपूरहून दुर्गकडे जाणाऱ्या नवख्या प्रवाशाला खिडकीतून तीन वेळा ‘भिलाई’ दिसते. प्रथम चरोद्याजवळचे भिलाई, मग भिलाई पॉवर हाऊस आणि शेवटी भिलाई नगर. पोलादनगरीतील यजमानाने नुसते ‘भिलाईला उतरा’ एवढेच कळविले, तर पाहुणा एका फलाटावर आणि यजमान दुसऱ्या, अशी गत ठरलेली! म्हणूनच जाणती मंडळी ‘सरळ दुर्गला उतरा’ असे सांगतात. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे थांबतात.

याच मार्गावर बिलासपूरच्या पुढे रायगढ लागते. मराठी कानांना ते नाव ऐकताच शिवछत्रपतींची राजधानी आठवते; पण त्या किल्ल्यावर जाणारा प्रवासी कोकण रेल्वेने वीर किंवा माणगावला उतरतो. खुद्द बिलासपूरचे एक भावंड हिमाचल प्रदेशात आहेच.

नावांची ही गंमत स्पेनने महासागरापार नेली. सोळाव्या शतकात अमेरिका खंडात गेलेल्या स्पॅनिश सरदारांनी नव्या वसाहतींना मायदेशातील गावांची नावे दिली. माद्रिदजवळील ग्वादालाहारा हे नाव मुळात अरबी असून त्याचा अर्थ ‘दगडांची नदी’ असा होतो. नुन्यो दे गुस्मान हा त्या गावचा. त्याच्या सन्मानार्थ मेक्सिकोतील नव्या वसाहतीला हेच नाव मिळाले. ही वसाहत जागा बदलत बदलत अखेर १५४२ मध्ये स्थिरावली. आज मूळ गावाची लोकसंख्या लाखाच्या आत, तर मेक्सिकोतील ग्वादालाहाराची तेरा लाखांवर आहे. नाव घेणारे देणाऱ्याला कसे मागे टाकते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

कोर्दोबाची कथा मात्र अधिक रंजक, आणि ती भिलाईच्या जवळची. स्पेनमधील कोर्दोबा ग्वादाल्किवीर नदीकाठी वसले आहे. इ. स. ७८५ च्या सुमारास तेथे जिचे बांधकाम सुरू झाले, त्या भव्य मशिदीच्या कमानी पाहण्यास आजही जगभरातून लोक येतात. अर्जेंटिनातील कोर्दोबा १५७३ मध्ये हेरोनिमो लुईस दे काब्रेरा याने वसविले. दोन्ही नगरांची भाषा एक, नाव एक. रूळ मात्र निराळे.

दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, स्पेनने सहा कास्तिली पावलांवर बेतले. आज ते १,६६८ मिलिमीटर मानले जाते. माद्रिद-सेव्हिया हा अतिवेगवान मार्ग १९९२ मध्ये कोर्दोबावरून सुरू झाला, तेव्हा त्यासाठी युरोपात बहुतेक ठिकाणी प्रचलित असलेले १,४३५ मिलिमीटरचे गेज निवडण्यात आले. अर्जेंटिनातील कोर्दोबाला १८७० मध्ये रोसारिओहून आलेली रेल्वे मात्र १,६७६ मिलिमीटरची. हेच भारतीय ब्रॉडगेज! म्हणजे रुळांच्या मापाने पाहता दूरचे ते कोर्दोबा आपल्या जन्मदात्या नगराचे नव्हे, भिलाईचे सख्खे ठरते.

स्पेनचे जुने गेज आणि आपले, यांत फरक केवळ आठ मिलिमीटरचा. चिलीतही १,६७६ चेच रूळ आहेत. तेथील राजधानी सांतियागोचे नाव स्पेनच्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाप्रमाणेच एका संताचे. स्पेनमध्ये वापरलेल्या विजेच्या गाड्या पुढे या सांतियागोच्या परिसरात अनेक वर्षे धावल्या. नावे तर गेलीच होती, मागोमाग गाड्याही गेल्या.

भिलाईला या मिलिमीटरांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला हा कारखाना भारतीय रेल्वेचा प्रमुख रूळपुरवठादार आहे. येथे १३० मीटर लांबीचे अखंड रूळ घडतात, तसेच जोडून २६० मीटरचे केले जातात.

स्पेनची गाडी भारतातही येऊन गेली. २०१६ मध्ये टाल्गो कंपनीच्या नऊ डब्यांच्या चाचण्या प्रथम बरेली-मुरादाबाद, मग मथुरा-पलवल आणि शेवटी दिल्ली-मुंबई मार्गावर झाल्या. मथुरा-पलवल टप्प्यात तिने ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठला आणि दिल्लीहून मुंबई बारा तासांच्या आत गाठली. पुढे ती नियमित सेवेत आली नाही.

भिलाईला येणाऱ्या पाहुण्याने मात्र तिकीट काढताना स्थानकाच्या नावाशेजारची सांकेतिक अक्षरे वाचावीत. तिन्ही भिलाईंची ती वेगवेगळी आहेत. पैसे पाठविताना शाखेचा अकरा अक्षरांचा आयएफएससी संकेतांक तपासतात, तसेच हे.